निंब म्हणजे कोणता निंब? खानदेशातील रस्ते व अंगणे यांसाठी सावलीच्या वृक्षाची निवड

वैशाखात जळगाव, भुसावळ व धुळे येथील पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि त्या दिवसांत दुपारी बाराच्या सुमारास रस्त्याने जाणारा मनुष्य एका सावलीपासून दुसऱ्या सावलीपर्यंतचे अंतर मोजीत चालतो. महामार्ग रुंद होताना कडेची जुनी निंबाची व चिंचेची झाडे गेली. शहरांभोवती नव्या वसाहती उठल्या. आणि प्रत्येक पावसाळ्याच्या आरंभी नगरपालिका, महाविद्यालये व गृहस्थ रोपे लावावयास निघतात. त्यांतील कोणती रोपे तीस वर्षांनी सावली देतील, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा आहे हे उघड आहे. तथापि भाषेच्या अभ्यासकाने त्यात पडावे याला एक कारण घडले.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने अंगणाच्या पश्चिमेस लावण्यासाठी एका रोपवाटिकेतून 'निंब' म्हणून एक रोप आणले. ते विलक्षण वेगाने वाढले आणि तिसऱ्या वर्षी त्याला जांभळट फुलांचे झुबके आले. कडुनिंबाचे फूल पांढरे असते. हा बकाणनिंब होता. पाचव्या पावसाळ्यात एका वादळात त्याची मुख्य फांदी कुंपणावर मोडून पडली. रोपवाटिकेच्या मालकाने फसविले असे म्हणता येणार नाही. त्याच्या बोलीत तोही निंबच होता. दोष शब्दाचा होता, आणि शब्दाची चौकशी न करता रोप घेणाऱ्या भाषाशास्त्रज्ञाचा तर अधिकच.

हा शब्दाचा घोटाळा जुना आहे. संस्कृतातील 'निम्ब' खानदेशात 'निंब' असाच राहिला. अहिराणीत 'निंबनं झाड' म्हणतात. पुणे-सातारा भागात त्याचा 'लिंब' झाला. आद्य न-कार व ल-कार यांची ही अदलाबदल मराठीला नवी नाही: 'नवनीत' शब्दापासून 'लोणी' झाले, आणि उलट दिशेने 'लाङ्गल' शब्दापासून 'नांगर' झाला. परंतु 'लिंब' हे रूप रूढ होताच ते लिंबू या फळाच्या नावाला जाऊन भिडले, आणि दोहोंतील भेद दाखविण्यासाठी 'कडू' हे विशेषण लावणे भाग पडले. त्यानंतर 'निंब' व 'लिंब' ही जणू सामान्यनामे होऊन बसली. स्वयंपाकघरात कढीलिंब आला, बकाणनिंब आला, बुचाच्या झाडास आकाशनिंब म्हणू लागले, आणि 'महानिंब' या शब्दाने कोणी बकाण समजतात, तर कोणी महारुख. यांपैकी बुच व महारुख यांचा कडुनिंबाच्या कुलाशी संबंधही नाही.

शास्त्रज्ञांनीही येथे ठेच खाल्ली आहे, हे आपल्या समाधानासाठी नमूद करावयास हरकत नाही. लिनियसने १७५३ साली कडुनिंब व बकाण हे दोन्ही एकाच 'मेलिया' वंशात घातले होते. एकास 'अझाडिराक्टा' व दुसऱ्यास 'अझेडराक' असे जातिनाम त्याने दिले, आणि ही दोन्ही नावे 'आझाद दरख्त' या एकाच फारसी शब्दसमूहाची दोन वळणे आहेत. कडुनिंबाचा वंश वेगळा करण्याचे काम एड्रियन द ज्युस्यू याने १८३० साली केले. तेव्हापासून शास्त्रीय नावाने मागितले तर चूक होत नाही. पण जळगावच्या बाजारात शास्त्रीय नावाने रोप कोण मागतो?

म्हणून रोप घेताना पान पाहावे. कडुनिंबाचे पान एकदाच विभागलेले असते. मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंस करवतीच्या दात्यांसारख्या कडांच्या, किंचित वाकड्या पत्रिका एका ओळीत बसतात. बकाणाचे पान पुन्हा विभागते. मुख्य देठावर उपदेठ आणि त्यांवर पत्रिका. फळ असेल तर शंका उरतच नाही. निंबोळी लांबट असते, पिकून गळून पडते व तिच्यात बहुधा एकच बी असते. बकाणाची फळे गोल असून पाने झडल्यावरही झाडावर लोंबत राहतात, आणि ती विषारी आहेत. लहान मुले असलेल्या अंगणात ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता 'रोगप्रतिकारक' या दुसऱ्या शब्दाकडे वळू. जाहिरातींत व फलकांवर हा शब्द अशा रीतीने वापरला जातो की, त्या झाडास रोग होतच नाही असा वाचकाचा समज व्हावा. वनस्पतिरोगशास्त्रात तीन अवस्था वेगळ्या मानतात. रोगकारक जीव झाडात शिरूच शकत नाही ती अभेद्यता; शिरतो पण त्याची वाढ झाड रोखते तो प्रतिकार; आणि वाढतोही, पण झाडाचे फारसे बिघडत नाही ती सहिष्णुता. रस्त्यावरच्या वृक्षाच्या बाबतीत आपणास पुष्कळदा तिसरीच पुरेशी असते. करंजाचे उदाहरण घ्या. त्याच्या पानांवर अतिसूक्ष्म कोळ्यांमुळे गाठी उठतात आणि पान चेचकाने भरल्यासारखे दिसते. पाहणाऱ्यास झाड आजारी वाटते. वस्तुतः ते दरवर्षी नवी पालवी काढून पूर्ववत उभे राहते. शोभेच्या दृष्टीने करंज नापास होईल, सावलीच्या दृष्टीने होणार नाही.

कडुनिंबाविषयी आपली समजूत नेमकी याच्या उलट आहे. ज्याच्या पाल्याने धान्यातील कीड पळते त्याला स्वतःला रोग कसा होईल, असे आपण गृहीत धरतो. पण निंबाच्या कोवळ्या डहाळ्या शेंड्याकडून वाळवीत जाणारी एक बुरशी आहे. म्हैसूर येथील संशोधकांनी १९९७ साली तिचे 'फोमॉप्सिस अझाडिराक्टी' म्हणून वर्णन केले. पावसाळ्यात व त्यानंतर डहाळ्यांची टोके तपकिरी पडतात, फुले करपतात, फळे कुजतात. २०२० नंतर तेलंगणात हा रोग इतका पसरला की गावोगावचे निंब दुरून जळाल्यासारखे दिसू लागले. पानांतील रस शोषणारा चहाचा ढेकण्याही अशाच खुणा उमटवितो, म्हणून दोहोंत गल्लत होते. मोठे झाड यामुळे सहसा मरत नाही. पुढच्या पालवीत सावरते. लहान रोपाला मात्र हा धक्का सोसेलच असे नाही. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, ही बुरशी बियांतूनही पुढे जाते. तेव्हा बी कोणत्या झाडाखालून वेचले याला महत्त्व आहे.

एकच वृक्ष सर्वत्र लावण्यातला धोका जगाने एल्म वृक्षाच्या रूपाने पाहिला. एल्मचा रोग १९२१ च्या सुमारास हॉलंडमधील संशोधिकांनी ओळखला, म्हणून त्याला 'डच' हे नाव चिकटले. बिचाऱ्या हॉलंडचा त्यात काही अपराध नव्हता. १९३० साली तो अमेरिकेत आढळला आणि ज्या नगरांनी प्रत्येक रस्त्याच्या दुतर्फा केवळ एल्म लावले होते ती काही दशकांत उघडी पडली. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या उग्र वाणाने अडीच कोटींहून अधिक एल्म नेले. या अनुभवानंतर फ्रँक सांतामूर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९९० साली एक ढोबळ मर्यादा सुचविली: शहरातील वृक्षांत एका जातीचे प्रमाण १० टक्क्यांहून, एका वंशाचे २० टक्क्यांहून आणि एका कुलाचे ३० टक्क्यांहून अधिक नसावे. आपल्याकडे मुंबईत २०१० नंतरच्या काही वर्षांत पिठ्या ढेकणाने पर्जन्यवृक्षांची जी हानी केली ती याच प्रकारची होती. सबंध रस्ता एका जातीचा असला की किडीला एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्यास आयती वाट मिळते.

तात्पर्य, खानदेशात 'निंब लावा' असे सरसकट सांगणेही बरोबर नाही. निंबाबरोबर काय लावावे, याचे उत्तर शोधताना गावांच्या नावांकडे पाहण्याचा मोह भाषाभ्यासकास होणे स्वाभाविक आहे, विशेषतः राजवाड्यांनी ग्रामनामांच्या व्युत्पत्तीची वाट घालून दिल्यानंतर. निंभोरा, निंबोल, शिरसोली, करंज, चिंचोली, उंबरखेड, पिंपळनेर, पिंप्राळा, बोरविहीर, पळसनेर: जळगाव व धुळे जिल्ह्यांचा नकाशा म्हणजे अर्धी वनस्पतिसूचीच आहे. गुलमोहराचे नाव धारण करणारे जुने गाव यात सापडणार नाही. तो मादागास्करहून आलेला पाहुणा. परंतु या पुराव्याचे मोल मर्यादित आहे. गावाला झाडाचे नाव पडते ते झाड तेथे उठून दिसत होते म्हणून. कदाचित एकटेच होते म्हणूनही. पळस व बोर या मातीत शेकडो वर्षे तग धरून आहेत, पण बोराच्या काट्यांखाली कोणी बसत नाही. शिवाय नाव पाहून फसण्यासही जागा आहे. एरंडोलजवळून वाहणाऱ्या अंजनी नदीचे नाव अंजन वृक्षावरून आले की मारुतीच्या मातेवरून, हे केवळ ध्वनीवरून ठरविता येत नाही. ग्रामनामे एवढेच सांगतात की हे वृक्ष येथील जमीन व हवा यांना परके नाहीत. पुढचे काम जमिनीचे आहे.

जमीन दोन तऱ्हेची आहे. तापीच्या काठाने रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात खोल काळी माती. अहिराणीत ळ-काराचा य-कार होतो, त्यामुळे तेथे ती 'कायी' होते. धुळे, साक्री या बाजूस पुष्कळ ठिकाणी मातीचा थर उथळ, खाली मुरूम, आणि मध्येच काळ्या पाषाणाच्या लांबच लांब भिंती जमिनीतून वर आलेल्या. काळी माती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते, आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पाडून कोवळी मुळे तोडते. झाडाचा पुष्कळसा 'रोग' येथे सुरू होतो. पाण्याने गुदमरलेले किंवा भेगांत तुटलेले मूळ हेच बुरशीचे दार असते. गुलमोहराची मुळे उथळ पसरतात. बुंध्याशी भूछत्रासारखी कठीण, तांबूस छत्री उगवलेली दिसली म्हणजे आत गॅनोडर्मा बुरशीने मूळ पोखरले आहे असे समजावे, आणि त्याखाली वाहन उभे करू नये. दुसरे असे की, ऐन चैत्रात तो पुष्कळदा निष्पर्ण असतो. फुलांसाठी त्याला बागेत जागा द्यावी. रस्त्याची सावली त्याच्यावर सोपवू नये.

खोल काळ्या जमिनीसाठी प्रस्तुत लेखक करंजास पहिला मान देईल. तो नदीकाठचा वृक्ष असल्यामुळे काही दिवस पाणी साचले तरी सोसतो, पुढे कोरडही सोसतो, मुळांवरील गाठींतून नत्र मिळवितो, आणि मुख्य म्हणजे वैशाखाच्या तोंडाशी त्याला नवी दाट पालवी आलेली असते. कडुनिंबास पाणी साचलेले मानवत नाही; तो मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत खरा खुलतो, म्हणून धुळ्याकडे त्याचे प्रमाण अधिक ठेवावे व तापीकाठी उंचवट्यावर लावावा. त्याची पानगळ फाल्गुनाच्या सुमारास होऊन चैत्रात पालवी येते, हे गुढीपाडव्यामुळे सर्वांस ठाऊक आहे. चिंच दोन्ही जमिनींत चालते, वाऱ्याला दाद देत नाही, पण सावकाश वाढते. लावणाऱ्याने तिची सावली नातवांच्या हिशेबात धरावी. तिच्याखाली भुते राहतात या समजुतीने ती अंगणातून हद्दपार झाली, मात्र शाळांच्या व चावडीच्या आवारांत टिकली. बकुळ लहान अंगणास उत्तम: बारा महिने हिरवा, आटोपशीर. जांभूळ काळ्या जमिनीत चांगले होते, फक्त फरसबंदीवर व उभ्या गाड्यांवर फळांचे डाग पडतात. धुळ्याच्या खडकाळ माळावर, जेथे दुसरे काही धरत नाही, तेथे अंजन आहे. त्याचे सोटमूळ फार लवकर खोल जाते, यास्तव रोप उपटून दुसरीकडे नेण्याऐवजी जागेवर बी टोकणे बरे. वड व पिंपळ मोकळ्या मैदानाचे व नदीकाठचे. त्यांना घराच्या भिंतीशी लावणे म्हणजे भिंतीच्या आयुष्याचा करार आधीच करून ठेवणे होय.

ज्याला काहीच होत नाही असे झाड शोधू पाहणाऱ्यांनी कोनोकार्पसची गोष्ट आठवावी. कीड लागत नाही, गुरे खात नाहीत, खारट पाण्यावरही हिरवे राहते, म्हणून ते मोठ्या प्रमाणावर लावले गेले. पुढे त्याच्या परागांविषयी व नळ-गटारांत शिरणाऱ्या मुळांविषयी तक्रारी आल्या, आणि गुजरात शासनाने २०२३ साली त्याच्या लागवडीस बंदी केली. चुकीचे झाड नंतर काढून टाकू असे मनात आणणेही सोपे नाही. महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमान्वये नागरी क्षेत्रात झाड तोडण्यास परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील वृक्षांना अधिक संरक्षण दिले आहे. विचार करावयाचा तो खड्डा घेण्यापूर्वीच.

खड्डा चैत्र-वैशाखात घेऊन उन्हात तापू द्यावा. मुरमात तो एक मीटर लांब, रुंद व खोल असा प्रचलित मापाचा असावा. कठीण थर फोडल्याशिवाय मूळ खाली जात नाही. काळ्या मातीत मात्र हेच माप घातक ठरते. कुदळीने घासून गुळगुळीत झालेल्या चिकण भिंतींचा खड्डा पावसाळ्यात रांजणासारखा भरून राहतो व मूळ कुजते. तेथे खड्डा उथळ व पसरट घ्यावा, भिंती टिकावाने खरवडून खडबडीत कराव्या, आणि रोप भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच बसेल अशी माती चढवावी. भरताना काढलेलीच माती, थोडा मुरूम व पूर्ण कुजलेले शेणखत घालावे. कच्च्या शेणाने उधई येते. निंबोळी पेंडीचे एक-दोन ओंजळी पुरे.

रोप निवडताना उंचीवर जाऊ नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन वर्षे राहिलेल्या उंच रोपाचे मूळ तळाशी गोल गुंडाळलेले असते. तसेच लावले तर ते गुंडाळलेलेच जाड होते आणि दहा-बारा वर्षांनी झाड वादळात मुळासकट उलटते. लोक मग झाडाच्या जातीला दोष देतात. पिशवी पूर्ण काढावी, फाडून तशीच पुरू नये. वळलेली मुळे सोडवावी किंवा छाटावी. आणि मूळ व खोड यांचा सांधा मातीच्या वर दिसेल असे पाहावे. बुंध्यावर मातीचा ढीग रचण्याची आपली सवय साल कुजविण्यास कारण होते.

लागवड पहिला दमदार पाऊस जमिनीत मुरल्यावर, बहुधा जूनच्या अखेरीस किंवा जुलैत करावी. मोठ्या वृक्षांत आठ ते दहा मीटर अंतर, चिंचेसाठी त्याहून अधिक; कुंपणापासून निदान दोन मीटर. विजेच्या तारांखाली आपटा, कांचन यांसारखे लहान वृक्षच लावावे, मग सावली विरळ मिळाली तरी चालेल. तारांखाली निंब लावून दरवर्षी त्याचा माथा तोडणे हे झाडाला रोग लावण्याचे शासकीय वेळापत्रकच आहे; प्रत्येक ओबडधोबड कापातून बुरशी आत जाते. फलक ठोकण्याच्या खिळ्यांचेही तेच. फरसबंदी करताना बुंध्याभोवती निदान एक मीटर त्रिज्येची जमीन उघडी राहावी; राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील झाडांच्या संदर्भात हाच दंडक घातला होता.

पहिले तीन उन्हाळे पाणी द्यावे लागते, आणि ते रोज तांब्याभर देण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा भरपूर दिलेले चांगले. रोजच्या थोड्या पाण्याने मुळे वरच राहतात. ठिबकाची नळी जळगावकरास सांगावयास नको. ती बुंध्यास न चिकटविता हातभर दूर ठेवावी आणि झाड वाढेल तशी सरकवावी. आळ्यावर केळीची वाळलेली पाने पसरली तर काळ्या मातीच्या भेगा पुष्कळ कमी होतात. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर पुष्कळदा पिठ्या ढेकूण दडलेला असतो, तेव्हा त्या नको.

निंबाच्या बाबतीत तर रोपवाटिकेचा आधार घेण्याचीही गरज नाही. निंबोळ्या पिकून गळतात त्या नेमक्या पावसाच्या तोंडावर, आणि त्यांच्या बीची उगवणशक्ती दोन-तीन आठवड्यांतच ओसरते. ज्याच्या डहाळ्यांची टोके पावसाळ्यात वाळत नाहीत असा आपल्याच परिसरातील जुना निंब गेल्या वर्षीच हेरून ठेवावा, त्याखालच्या ताज्या निंबोळ्या वेचाव्या, गर धुऊन बी सावलीत सुकवावे, आणि आठवड्याच्या आत तयार आळ्यात तीन-चार बिया टोकाव्या. उगवल्यावर त्यांतील एकच सशक्त रोप ठेवावे. त्याचे सोटमूळ पिशवीत कधी वळलेले नसते, आणि तो कोणता निंब आहे हेही कोणास विचारावे लागत नाही. लेखकाच्या अंगणात मोडलेल्या बकाणाच्या जागी असाच उगविलेला एक कडुनिंब आता कुंपणाच्या वर आला आहे.